विहिरीचे पाणी गोड आहे, पण निर्धोक आहे का?



गेल्या सुरू लागणीच्या वेळची गोष्ट. एक सभासद प्लॅस्टिकच्या बाटलीत विहिरीचे पाणी घेऊन गट कार्यालयात आले. ठिबकच्या नळ्या सारख्या तुंबतात, तेव्हा पाणी तपासून द्या, एवढीच त्यांची मागणी. पाणी काचेसारखे नितळ. आठ दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. सामू ठीक, क्षार बेताचे, कठीणपणा जरा जास्त. नळ्यांना ॲसिड कसे सोडायचे ते सांगितले की आमचे काम संपण्यासारखे होते. पण कागदाच्या तळाशी एक ओळ होती : नायट्रेट, लिटरला ११० मिलिग्रॅम.

मी सहज विचारले, "आप्पा, हे पाणी पितं का कोणी?"

"पितं म्हणजे काय? मळ्यातच घर आहे आपलं. तीन पिढ्या पितोय. गावच्या नळापेक्षा गोड आहे, साहेब."

घरात तान्हे मूल आहे का, असे विचारल्यावर कळले की नात अडीच महिन्यांची आहे. आईचे दूध पुरत नाही म्हणून डब्याची दुधाची पावडर चालू आहे, आणि ती कालवतात याच विहिरीच्या पाण्यात. "पण उकळून देतो बरं का! तिची आजी चांगलं वीस-वीस मिनिटं उकळते. आम्ही काही अडाणी नाही."

आप्पांच्या घरचे काही चुकले, असे म्हणता येत नाही. पाणी उकळून द्या, हेच आपण सर्वांनी शाळेपासून ऐकले आहे आणि ते जंतूंसाठी खरेही आहे. पण नायट्रेट हा जंतू नव्हे, तो क्षार आहे. मीठ घातलेले पाणी उकळले तर मीठ उडून जात नाही, पाणी आटते आणि खारटपणा वाढतो. इथेही तेच होते. लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर राहिले, तर ११० चा आकडा १४६ च्या पुढे जातो. म्हणजे आजीबाई जितक्या मायेने उकळत होत्या, तितके ते पाणी त्या बाळाला अधिक वाईट होत होते. त्याच दिवशी त्यांना ते पाणी बाळासाठी बंद करायला सांगितले. नातीला काही झालेले नव्हते, डॉक्टरांना दाखवून खात्री करून घेतली. पण त्या दिवसापासून हा विषय पत्रिकेत मांडावा, असे मनात होते.

हा नायट्रेट बाळाला काय करतो, ते अमेरिकेतील आयोवा या शेतकरी राज्यात प्रथम नीट कळले. हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे शेतावरच्या घरांतून निळसर पडलेली तान्ही मुले येत. हृदय चांगले, फुप्फुसे चांगली, तरी ओठ आणि नखे निळी. मूल दवाखान्यात राहिले की सुधारे, घरी गेले की पुन्हा निळे पडे. शेवटी शोध लागला तो घरच्या विहिरीपाशी. दूध ज्या पाण्यात कालवत, त्यात नायट्रेट फार होता.

बाळाच्या पोटात आम्ल कमी असते, त्यामुळे तिथे जिवाणू वाढतात आणि ते नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तात गेला की रक्तातील तांबडे द्रव्य बिघडते व त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळ श्वास घेत असते, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. मोठ्या माणसाचे शरीर हे बिघडलेले रक्त पुन्हा दुरुस्त करून घेते, सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला ते पुरेसे साधत नाही. त्यात जुलाब लागले असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच आप्पांना इतकी वर्षे काही जाणवले नाही आणि नातीची मात्र मला काळजी वाटली.

पुढे १९५१ साली वॉल्टन यांनी अमेरिकेतील अशा नोंदी एकत्र केल्या. २७८ मुले आजारी पडल्याची आणि त्यांतील ३९ दगावल्याची नोंद निघाली. लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी नायट्रेट-नत्र असलेल्या पाण्यावर मात्र एकही मूल आजारी पडल्याचे आढळले नाही. नायट्रेट म्हणून मोजले तर हा आकडा सुमारे ४५ मिलिग्रॅम होतो. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आय. एस. १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्यासाठी हीच ४५ ची मर्यादा आहे. कठीणपणाच्या बाबतीत हे मानक थोडी सवलत देते, दुसरे पाणी नसेल तर २०० ऐवजी ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणते. नायट्रेटला तशी सवलत ठेवलेली नाही. काही प्रयोगशाळा कागदावर 'नायट्रेट' लिहितात, काही 'नायट्रेट-नत्र' लिहितात. दुसरा आकडा असेल तर त्याला ४.४३ ने गुणावे. कागदावर १८ बघून निश्चिंत झालेले एक सभासद मला माहीत आहेत, ते १८ नत्राचे होते, म्हणजे नायट्रेट जवळजवळ ८०.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल काढला. त्यासाठी २०२३ साली देशभरातून पाण्याचे १५,२५९ नमुने घेतले होते. त्यांतील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाला. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.७४ टक्के, म्हणजे तीन विहिरींत एकीहून जास्त. देशातील ज्या पंधरा जिल्ह्यांत ही तक्रार सर्वांत जास्त आहे त्यांची यादी दिली आहे, आणि त्यात महाराष्ट्रातील सात जिल्हे आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ आणि आपला जळगाव. केळीत जळगावचे नाव देशात पुढे असते याचा आपल्याला अभिमान आहे. ह्या यादीतही नाव आहे, हेही माहीत असावे.

हा नायट्रेट येतो कुठून? बराचसा आपल्याच हातून. युरिया जमिनीत पडला की त्याचा आधी अमोनिया होतो, तो मातीच्या कणांना चिकटून राहतो. पुढे जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पिकाला तो लगेच घेता येतो, पण माती त्याला धरून ठेवत नाही. पिकाने उचलला तर ठीक, नाहीतर पुढच्या पाण्याबरोबर तो खाली निघाला. आपल्या यावल-रावेरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचे थर आहेत, तिथून पाणी खाली फार लवकर मुरते. भूजल भरून निघायला हे थर वरदान आहेत, पण पाण्याला वाट देणारा थर नायट्रेटलाही वाट देतो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची नत्राची शिफारस हेक्टरी सुरू उसाला २५० किलो, पूर्वहंगामीला ३४० आणि आडसालीला ४०० किलो अशी आहे. सुरूचा हिशेब एकरी १०० किलो नत्र, म्हणजे सगळा युरियातून दिला तरी २१७ किलो. ४५ किलोची पाच पोतीसुद्धा भरत नाहीत, आणि संयुक्त खतातून जे नत्र जाते ते यातून वजा करायचे असते. आपल्याकडे सात-आठ पोती सहज पडतात. शेजारच्या फडात केळी असते, तिची शिफारसच झाडाला २०० ग्रॅम नत्र आहे. दीड बाय दीड मीटरवर एकरी पावणेअठराशे झाडे धरली, तर ३५५ किलो नत्र होते, सुरू उसाच्या साडेतीनपट. केळीनंतर ऊस घेणाऱ्याने माती परीक्षण न करता पुन्हा पूर्ण मात्रा देणे म्हणजे विहिरीला खत घालणे. खरे सांगायचे तर नोकरीच्या सुरुवातीला मीही "एक पोतं जास्त गेलं तर बिघडत नाही" असे बांधावर उभे राहून सांगितले आहे. बिघडते. विहिरीचे तर बिघडतेच, उसाचेही बिघडते. उशिरा आणि जास्त नत्र दिलेला ऊस लोळतो, पक्व व्हायला वेळ घेतो आणि साखर उतारा घटतो.

आणखी एक हिशेब मांडतो, तो सभासदांना आवडेल. आप्पांच्या पाण्यात ११० नायट्रेट, म्हणजे लिटरला सुमारे २५ मिलिग्रॅम नत्र. एकराला आठ सेंटिमीटरची एक पाळी दिली तर सव्वातीन लाख लिटर पाणी जाते. त्यातून आठ किलो नत्र शेतात पडते, म्हणजे साडेसतरा किलो युरिया, एका पाळीत, फुकट. सगळा पिकाला लागू पडणार नाही, पण निम्मा जरी धरला तरी पाच पाळ्यांत एक पोते वाचते. ज्यांच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघेल त्यांनी तेवढे खत कमी करावे. त्याने खर्चही वाचतो आणि विहिरीतला नायट्रेट पीक उचलून घेते. बेण्याला ॲसेटोबॅक्टरची प्रक्रिया केली तर नत्राची मात्रा निम्म्यापर्यंत कमी करता येते, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. लागणीच्या वेळी नत्राचा दहावा हिस्सा, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के, असे चार हप्ते पाळले तर खाली निसटणारे नत्र कमी होते. मोठ्या बांधणीनंतर युरिया टाकू नये.

युरियावर सगळे खापर फोडून चालणार नाही. गोठ्यामागचा उकिरडा आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीला खेटून असेल तर त्यांतूनही नायट्रेट उतरतो, आणि त्याच्याबरोबर जंतूही. विहिरीपासून निदान १५ मीटर अंतर पाहिजे, आणि खड्डा उताराच्या खालच्या अंगाला पाहिजे. कारखान्यांचे सांडपाणीही निर्दोष नसते. त्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतःचा जल प्रदूषण कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला.

एक धोका मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ठिबकमधून युरिया सोडताना व्हेंच्युरी किंवा खताची टाकी बोअरच्या लाइनला जोडलेली असते. मधेच लाइट गेली, पंप थांबला की पाइपातले पाणी उलटे बोअरमध्ये उतरते, आणि त्याच्याबरोबर टाकीतला युरियाही. लाइन कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात हे किती वेळा होत असेल ते सांगायला नको. शंभर फूट माती गाळून जे खाली जायला काही वर्षे लागली असती, ते पाच मिनिटांत सरळ पाण्यात जाते. उपाय सोपा आहे. पंप आणि खताची टाकी यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा आणि तो खरोखर बंद होतो की नाही ते वर्षातून एकदा उघडून पाहावे. विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धुणे तर पूर्ण बंद करावे.

आता सभासद विचारतील, सरकार पाणी तपासते ना? तपासते. आणि सरकारने संशोधन मनावर घेतले की काय होते, याचे उदाहरण आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे : नारू. पायातून निघालेला दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज थोडा-थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजायचा. ऐन पेरणीत माणूस खाटेवर. हा किडा पाण्यातल्या बारीक सायक्लॉपमधून पोटात जातो, हे फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास शोधून काढले होते. पण नुसत्या शोधाने शंभर वर्षे काही हलले नाही. १९८३-८४ पासून राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र हे नारूच्या राज्यांपैकी एक होते. ज्या पायविहिरींत लोक पाण्यात उतरत त्या बुजवल्या किंवा त्यांचे रूप बदलले, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकले, आणि घरोघर पाणी दुहेरी फडक्याने गाळायला शिकवले. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. कोणतीही लस नाही, खास औषध नाही, नुसते पाणी सुधारून एक रोग देशातून गेला.

आजही गावच्या नळयोजनेवर यंत्रणा आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल टाकतो, ओ. टी. टेस्ट करून पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही पाहतो. स्रोताची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाल्यापासून स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा व्हावी, असा दंडक आहे. गावातल्या पाच महिलांना तपासणीच्या पेटीचे शिक्षणही देतात. हे सगळे काम उत्तम चालते असे मी म्हणणार नाही, टीसीएलचा डबा उघडा राहून पावडर मेलेली मीही पाहिली आहे. पण व्यवस्था आहे.

मात्र ही व्यवस्था सार्वजनिक विहिरीपाशी, टाकीपाशी आणि नळापाशी थांबते. मळ्यातल्या विहिरीवर आणि बोअरवर कोणी येत नाही. ते पाणी मालकाचे, तेव्हा त्याची तपासणीही मालकानेच करायची. आणि हेच पाणी मळ्यात राहणारी कुटुंबे पितात, सालदार पितो, निंदणीला आलेल्या बाया पितात. तोड सुरू झाली की कोपीत उतरलेली टोळी चार-चार दिवस त्याच बोअरवर पाणी भरते. त्यांच्यात तान्ही मुले असतात, हे फडावर जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. आपण त्यांना पाणी दाखवतो, ते कसले आहे ते आपल्यालाही माहीत नसते.

डेन्मार्कमध्ये सरकारने वर्षानुवर्षे पाण्याच्या तपासणीची नोंद ठेवली. त्या नोंदी आणि २७ लाख लोकांच्या आरोग्याच्या नोंदी जोडून २०१८ साली एक अभ्यास झाला. त्यात नायट्रेट ४५ पेक्षा खूप कमी असतानाही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण थोडे जास्त दिसले. हा शेवटचा शब्द नव्हे, अभ्यास चालू आहेत आणि घाबरून जायचे कारण नाही. पण इतके मात्र खरे की त्यांना हे पाहता आले कारण पाण्याचा आकडा लिहून ठेवलेला होता. आपल्या मळ्यातल्या विहिरींचा एकही आकडा कुठे लिहिलेला नाही.

कागदावर ४५ च्या वर आकडा आला तर काय करावे, हे सभासद विचारतात. सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला शक्यतो फक्त आईचे दूध द्यावे, वर पाणीसुद्धा नको. आईने ते पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसा उतरत नाही. पावडरचे दूध द्यावेच लागले तर तपासलेल्या पाण्यातच कालवावे. बाळाचे ओठ-नखे निळसर दिसली तर घरगुती उपाय करीत बसू नये, तडक दवाखाना गाठावा आणि विहिरीचे पाणी वापरतो हे डॉक्टरांना सांगावे. यावर औषध आहे, पण डॉक्टरांना कारण कळले पाहिजे. टीसीएलने, तुरटीने, फडक्याने किंवा कँडलच्या फिल्टरने नायट्रेट जात नाही. आर. ओ. यंत्राने बराचसा जातो. गावात जे थंड पाण्याचे जार येतात, ते बहुधा अशाच यंत्रातून भरलेले असतात, तरी जारवाल्याकडे तपासणीचा कागद मागायला लाजू नये. सर्वांत सोपे म्हणजे पिण्यापुरते पाणी गावच्या तपासलेल्या नळाचे आणावे आणि विहिरीचे पाणी उसाला, केळीला, धुण्याभांड्याला वापरावे.

तपासणीसाठी नमुना घेताना कीटकनाशकाची किंवा रॉकेलची बाटली चालत नाही, कितीही धुतली तरी. लिटरभराचा नवा प्लॅस्टिकचा कॅन घ्यावा. पंप दहा मिनिटे चालू ठेवून त्याच पाण्याने कॅन तीनदा विसळावा आणि मग काठोकाठ भरावा. नमुना विहिरीजवळच्या तोटीवर घ्यावा, ठिबकच्या शेवटच्या टोकाला नव्हे, आणि त्या दिवशी लाइनमधून खत सोडलेले नसावे. कॅनवर नाव, गट नंबर, विहीर की बोअर, खोली आणि तारीख लिहावी. भरल्यावर उन्हात ठेवू नये, त्याच दिवशी पोचवावा. जंतूंची तपासणी करायची असेल तर बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्यावी लागते, घरची चालत नाही. भूजल यंत्रणेच्या जळगावच्या प्रयोगशाळेत खाजगी नमुनेही नाममात्र शुल्क भरून तपासून मिळतात. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणि उन्हाळ्यात मे महिन्यात तपासले तर विहिरीची चाल कळते.

आपल्या गट कार्यालयांत दर सोमवारी नमुने एकत्र करून जळगावला पाठवण्याची सोय केली आहे. ज्यांच्या मळ्यात वस्ती आहे किंवा या हंगामात टोळी उतरणार आहे, त्यांनी आधी आणावेत. आलेला आकडा ऊस नोंदणीच्या वहीत त्या-त्या प्लॉटपुढे लिहून ठेवू, म्हणजे पुढल्या वर्षी खताची मात्रा सांगताना तोही समोर राहील. आप्पांचा ११० हा त्या वहीतला पहिला आकडा आहे.

— ऊस विकास अधिकारी